डंकावरचं चॉकलेट

चॉकलेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चंदेरी कागदातली वडी येते. दुकानात मिळणारी, मुलांनी हट्ट करावा आणि आपण त्यांच्या दातांकडे पाहून नाही म्हणावं अशी. पण मेक्सिकोच्या दक्षिण भागात वाहाका नावाचं एक शहर आहे. तिथल्या बायका सण जवळ आला की पिशवीत कोको, दालचिनी, बदाम आणि साखर घेऊन निघतात, गिरणीत रांगेला उभ्या राहतात आणि आपण उन्हाळ्यात डंकावरून वर्षाचा मसाला कुटून आणतो, अगदी तस्सं चॉकलेट दळून आणतात! मी हे ऐकलं तेव्हा मला ती गंमत वाटली होती. तिथे जाऊन उभी राहिले तेव्हा कळलं, गंमत कसली, हा तर आपलाच कारभार.

२०२४ च्या दिवाळीत आम्ही दोघं लेकीकडे मेक्सिको शहरात होतो. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं माहेर वाहाकाचं. तिने आग्रहच धरला, "आईबाबांना घेऊन ये, आमचा मृतांचा सण बघू देत." सण आणि मृतांचा? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. पण जावईबापू म्हणाले, जाऊन तर या. मग काय, बेसनाच्या लाडवांचा डबा, पणत्या आणि उटण्याची पुडी घेऊन आम्ही बसमध्ये बसलो. सहा-सात तासांचा रस्ता. अर्ध्याहून पुढे नुसते डोंगर, आणि डोंगरांवर खांबासारखे उभे निवडुंग. (नाव इंग्रजी अक्षरांत लिहितात ते आपण 'ओक्साका' असं वाचू; ह्यांनी परत येईपर्यंत तसंच म्हटलं आणि कोणी रागावलं नाही.)

शहर टुमदार. उंची दीड हजार मीटरच्या वर, त्यामुळे ऑक्टोबरअखेरची हवा आपल्या महाबळेश्वराची आठवण करून देणारी. बुटकी, रंगीत घरं, दगडी चर्च आणि चौकाचौकात फुलांचे ढीग. फुलं कोणती म्हणाल तर झेंडू! आणि त्याच्या जोडीला जांभळट लाल कोंबडा. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची मंडईच म्हणा ना. लेक म्हणाली, "आई, झेंडू मूळचा इथलाच. आपल्याकडे मागाहून आला." मिरची इथली, चिकू इथला, आणि आता झेंडूही! आपल्या तोरणातलं आपलं म्हणायचं ते काय, फक्त आंब्याची पानं.

मैत्रिणीची आई पंचावन्न-साठीची, ठेंगणी, भराभर कामं करणारी. आम्ही तिला सेन्योरा म्हणत होतो, म्हणजे नुसतं 'बाई'. तिला मराठी येत नव्हतं, मला स्पॅनिश येत नव्हतं; मधे माझी लेक. पण स्वयंपाकघरात दोन बायकांना भाषा किती लागते? तिने निवडायला घेतलं की मी सूप ओढून घ्यायची, एवढंच.

त्या घरावर त्या वर्षी एक सावट होतं. सेन्योराची आई मे महिन्यात गेली होती. म्हातारी जाईपर्यंत घरातलं चॉकलेट तीच करायची. कोको तिने निवडायचा, भाजायचा तिने, गिरणीत रांगेला तिनेच उभं राहायचं. लेकीला, सुनेला तिने कधी पुढे होऊ दिलं नाही. आता तिच्यासाठीच मांडायच्या ओफ्रेंदावर, म्हणजे मृतांसाठी घरात जी आरास मांडतात तिच्यावर, चॉकलेट ठेवायचं होतं आणि तिचं प्रमाण कोणालाच ठाऊक नव्हतं. लिहिलेलं कुठे काही नाही. दालचिनी किती? तर 'मूठभर'. साखर किती? तर 'पुरे होईल इतकी'. आपल्या आज्यांचीही वजनमापं हीच! सेन्योराचा भाऊ म्हणाला, बाजारात तयार वड्या मिळतात, त्या आणा आणि मोकळे व्हा. त्यावर सेन्योराने त्याला जे ऐकवलं त्याचं भाषांतर माझ्या लेकीने केलं नाही.

वसुबारसेच्या आदल्या रात्री अंगणात चूल पेटली. चुलीवर मातीचा मोठा सपाट तवा, त्याला कोमाल म्हणतात. त्यावर कोकोच्या बिया. दिसायला मोठ्या बदामासारख्या, तपकिरी. मंद आचेवर सारख्या हलवत राहायचं. पंधरा-वीस मिनिटांनी त्या तडतडायला लागतात आणि वास सुटतो. सुरुवातीला थोडा आंबूस, मग भाजलेलं खोबरं आणि कॉफी यांच्या मधला कुठला तरी. "आई यापेक्षा जास्त भाजायची," सेन्योरा म्हणाली. तिची लेक म्हणाली, "नाही, कमी." झालं! अर्धा तास त्यावर वाद. मग गरम बिया हातावर चोळून टरफलं काढायची आणि पाखडायच्या. पाखडण्याचं काम मी मागून घेतलं. शेंगदाण्यासारखंच, पण टरफल जाड असल्यामुळे हाताला जरा जास्त लागतं. माझं पाखडणं पाहून सेन्योराने मान डोलावली. परदेशात मिळालेली ती माझी एकुलती एक पदवी.

दुसऱ्या दिवशी गिरणी. बाजाराच्या दक्षिणेला मीना नावाचा रस्ता आहे, तिथे ओळीने चॉकलेटच्या गिरण्या. पत्ता विचारावाच लागत नाही, नाक नेतं. आत भिंतीला लागून छोटी छोटी यंत्रं. वर नरसाळं, पोटात दगड, खाली बादली. कोरडा कोको वरून टाकतात आणि खालून काळसर, चकचकीत, ओला लगदा पडतो. मी म्हटलं, पाणी कुठून आलं? पाणी नाहीच मुळी. कोकोच्या दाण्यात जवळजवळ निम्मा भाग तूप असतं. दगडाच्या घर्षणाने ते तापतं, वितळतं आणि पीठ होण्याऐवजी चटणी होते. आपल्याकडे तीळ किंवा शेंगदाणे खूप वाटले की तेल सुटतं, तसंच.

तिथे दोनदा दळतात. पहिल्यांदा कोको, बदाम आणि दालचिनी. ते घमेल्यात घेऊन त्यात साखर कालवायची आणि पुन्हा यंत्रात. प्रत्येक बाई आपापलं प्रमाण घेऊन आलेली आणि यंत्रापासून हलायला तयार नाही. कारण उघड आहे: आपला माल दुसऱ्याच्या मालात मिसळला तर? डंकावर आपणही बारीक डोळ्यांनी उभ्या असतोच की.

पहिलं दळण आलं. सेन्योराने बोट बुडवून चाखलं. "नाही." दालचिनी वाढवली. पुन्हा चाखलं. "जवळ आलंय." मग साखर. एक किलो कोकोला बऱ्याच घरी दोन किलो साखर घालतात. म्हातारीचा हात कमी, एवढंच माहीत. म्हणून आधी एक किलो, मग अर्धा, मग पाव. मागे रांग वाढत होती. एका जाडजूड बाईने कुरकुर सुरू केली. सेन्योराच्या लेकीने तिला काहीतरी सांगितलं. त्याबरोबर ती बाई पुढे आली आणि आपणही बोट बुडवून म्हणाली, "भाजणी कमी पडली." मग तिच्या मागच्या बाईने चाखलं. तिच्या मते बदाम जास्त. बघता बघता सगळ्या रांगेने सेन्योराच्या आईचं चॉकलेट चाखलं आणि प्रत्येकीने मत दिलं. गिरणीवाला यंत्र बंद करून शांत उभा होता. त्याला याची सवय असावी.

पुन्हा अर्धा पाव साखर, चिमूटभर दालचिनी. सेन्योराने डोळे मिटून चाखलं, आणि थोडं थांबून म्हणाली, "तसं नाही झालं. होणारही नाही. आई येईल, एक घोट घेईल आणि म्हणेल, तुला काही जमत नाही. म्हणू दे. तेवढीच तिची बोलणी खायला मिळतील."

लेकीने हे मला मराठीत सांगितलं आणि पुढचं काही वेळ काहीच भाषांतर केलं नाही.

मैत्रिणीने मात्र एक गोष्ट केली. शेवटी काय काय पडलं ते तिने कागदावर लिहून घेतलं. भाजून सोललेला कोको एक किलो, साखर पावणेदोन आणि वर अर्धा पाव, दालचिनी पस्तीस ग्रॅम, बदाम दीडशे. त्या घरात चॉकलेटचं प्रमाण कागदावर यायची ती पहिली वेळ.

झाकणाच्या बादलीत ते गरम चॉकलेट घेऊन आम्ही धावत घरी आलो, कारण निवालं की घट्ट होतं. ओट्यावर कागद पसरलेले. मूठभर गोळा घ्यायचा, गोल साच्यात थापायचा, वर सुरीने अधिकाची खूण करायची म्हणजे पुढे चार तुकडे पाडायला सोपं. आपण वड्या थापतो त्याहून वेगळं काही नाही, फक्त हात काळे. उरलेल्या लगद्याच्या सुपारीएवढ्या गोळ्या वळल्या, घरातल्या पोरांना तशाच खायला. मीही खाल्ली. खरं सांगू? पहिल्या घासाला ती मला फार गोड आणि रवाळ वाटली. दाताखाली साखर कचकचते. आपल्या जिभेला लोण्यासारख्या चॉकलेटची सवय. पण मागून दालचिनीचा ऊबदार वास येतो, कोकोचा कडसरपणा येतो, आणि हात आपोआप दुसऱ्या गोळीकडे जातो. तिखटाचं काय म्हणून मी विचारलं, कारण हल्ली आपल्याकडे मोठ्या दुकानांत मिरचीचं चॉकलेट 'मेक्सिकन' म्हणून विकतात. सेन्योरा हसली. मिरची मोलेमध्ये. मोले म्हणजे तिथलं मसाल्याचं दाट कालवण, त्यात चॉकलेटही पडतं. प्यायच्या चॉकलेटात मिरची तिच्या घरी नाही.

फार पूर्वी मात्र होती. स्पॅनिश लोक तिथे पोचण्याआधी तिकडचे लोक कोको पाण्यात फेसाळून पीत, कडूच. त्यात मिरची, व्हॅनिला असं काय काय घालत. कोकोच्या बियांचं तर नाणं चालायचं. साखर आणि दालचिनी आली ती स्पॅनिश लोकांबरोबर. आता गंमत बघा, दालचिनी मूळ श्रीलंकेची. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं फिलिपिन्सच्या मनिलाहून मेक्सिकोच्या आकापुल्कोला गलबतं जात, आणि त्यांतून आशियातलं मसाल्याचं सामान तिकडे उतरत असे. आजही श्रीलंकेच्या दालचिनीचं मेक्सिको हे फार मोठं गिऱ्हाईक आहे. कोकोही वाहाकात फारसा पिकत नाही. तो येतो शेजारच्या च्यापासहून आणि ताबास्कोहून. म्हणजे वाहाकाचं स्वतःचं काय? तर हात आणि प्रमाण.

धनत्रयोदशीला संध्याकाळी मी सेन्योराच्या उंबऱ्याबाहेर दक्षिणेकडे तोंड करून कणकेचा दिवा लावला. तिने विचारलं, हा कोणासाठी? यमासाठी, घरातल्यांवर अवेळी मरण येऊ नये म्हणून, असं लेकीने सांगितलं. सेन्योराने काहीही आश्चर्य न दाखवता दिव्याला वारा लागू नये म्हणून एक वीट आणून ठेवली.

ओफ्रेंदा मांडली ती आपल्या चैत्रगौरीच्या आराशीसारखी, पायऱ्यापायऱ्यांची. दोन्ही बाजूंना उसाची कमान, अगदी तुळशीच्या लग्नातल्यासारखी. झेंडूचे हार, मेणबत्त्या, उदासारखा कोपालचा धूर, म्हातारीचा फोटो, फळं, तिथला अंड्याचा गोड पाव, मोले, आणि मधोमध चॉकलेटच्या वड्यांची चळत. लहान वयात गेलेल्या मुलांचे आत्मे आधी येतात, मोठी माणसं १ नोव्हेंबरच्या दुपारपासून, आणि २ तारखेला सगळ्यांना निरोप. त्या वर्षी आपलं लक्ष्मीपूजनही नेमकं १ नोव्हेंबरला आलं. माझ्या सासूबाईंना हे मुळीच चाललं नसतं, लक्ष्मी आणि पितर एका घरात, एका दिवशी! पण मी कोपऱ्यात पाटावर लक्ष्मीचा फोटो मांडला, सेन्योराने तिच्यापुढे चॉकलेटची वडी ठेवली आणि मी म्हातारीपुढे दोन बेसनाचे लाडू. पितृपक्षात आपणही गेलेल्या माणसाच्या आवडीचं करतोच. फरक असा की आपण तो पंधरवडा जरा हलक्या आवाजात काढतो. तिथे लोक गातात, पितात, कबरीपाशी रात्र जागवतात आणि शेजारीपाजारी पाव-चॉकलेटची ताटं घेऊन जातात. एकाची वडी दुसऱ्याच्या आराशीत. फराळाची ताटं फिरावीत तशी.

प्यायचं चॉकलेट कसं करतात तेही सांगते. मातीच्या उंच भांड्यात पाणी किंवा दूध उकळायचं, वडी फोडून टाकायची, विरघळली की लाकडी रवी दोन्ही तळहातांत धरून घुसळायची. त्या रवीला मोलिनियो म्हणतात. फेस वर आला पाहिजे. फेस नाही तर यजमानीण कच्ची. रवी माझ्या हातात दिली तेव्हा ताकाची जन्मभराची सवय कामी आली. मग वाडग्यात ओतायचं आणि पाव बुडवून खायचा. डिसेंबरात हीच वडी पुन्हा निघते. १६ ते २४ तारखेपर्यंत रोज संध्याकाळी कोणाकडे तरी पोसादा असतात. मेरी आणि जोसेफ यांनी बाळाच्या जन्माआधी आसरा मागितला त्याची आठवण म्हणून लोक गात गात दारोदार जातात आणि आत घेतल्यावर गरम काहीतरी मिळतं. म्हणून सेन्योरा दोन्ही सणांचं एकदमच करते. कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवलं की महिनोन्महिने टिकतं.

आता आपल्या घरी हे कसं करायचं? आपल्याकडे दिवाळीला घरगुती चॉकलेटं करायची टूम कधीची आहे. बाजारातली लादी वितळवायची, साच्यात ओतायची. पण बहुतेक जणी वापरतात ते 'कंपाउंड' असतं. त्यात कोकोचं स्वतःचं तूप नसून दुसरं वनस्पती तूप असतं. साच्यातून छान सुटतं, उन्हाळ्यात लवकर वितळत नाही, हे खरं. पण चवीला टाळूवर मेण राहिल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा एकदा हे करून पाहा.

कोकोच्या बिया आपल्याकडे केरळात, आंध्रात होतात. वाळवलेल्या, आंबवलेल्या बिया मागवता येतात. अर्धा किलो घ्या. लोखंडी कढईत मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा, हात थांबवू नका. तडतडल्या आणि साल सैल झालं की उतरवा, गार करा, चोळा, पाखडा. साधारण चारशे ग्रॅम दाणे हाती येतील. इडलीचा दगडी ग्राइंडर असेल तर उत्तम. परदेशात घरी चॉकलेट करणारे लोक आपले हे छोटे ग्राइंडर मुद्दाम मागवतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर मिक्सर, पण थोडं थोडं आणि थांबून थांबून, नाहीतर मोटर तापते. आधी पूड होईल, मग गोळा धरेल, मग एकदम सैल होऊन चकाकेल. तोवर धीर धरा. मग भाजलेले पन्नास-साठ ग्रॅम बदाम आणि दहा-बारा ग्रॅम दालचिनीची पूड. दालचिनी पातळ, कागदासारख्या थरांची, बोटांनी चुरडली जाणारी घ्या. आपल्याला किराणा दुकानात बहुधा जी जाड, टणक साल मिळते ती तिखट लागते. शेवटी साखर: तिकडच्या हिशेबाने सातशे ग्रॅम, माझ्या हिशेबाने चारशे.

एक पथ्य कडक. भांडं, चमचा, हात, काहीही ओलं नको. पाण्याचा एक थेंब पडला तरी सगळं गुठळ्या धरून बसतं आणि मग ते सुधारत नाही. तूप लावलेल्या कागदावर थापा किंवा सुपारीएवढ्या गोळ्या वळा. पुण्यात थंडीत रात्रभर ठेवून आळतात. मुंबईकर मैत्रिणींनी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावं, पण घट्ट डब्यात घालून. आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नये, नाहीतर वड्यांना घाम सुटतो. दोन-चार दिवसांनी वर पांढरट छटा आली तर टाकून देऊ नका. ती बुरशी नव्हे, कोकोचं तूप वर आलेलं असतं.

मी यंदा पहिल्यांदा केल्या तेव्हा सेन्योराच्या कागदावरचं प्रमाण अर्ध्यावर आणून ठेवलं होतं. माझ्या जाऊबाईंनी चाखून पाहिलं आणि म्हणाल्या, दालचिनी कशाला, जायफळ-वेलदोडा घाला. त्यांनी आपल्या वाट्याच्या लगद्यात तो घातला. घरातल्या सगळ्यांना त्यांच्याच आवडल्या, मला नाही. पुढच्या वेळी दोन वेगळे डबे करायचे ठरले आहेत.